परदेशात हॉटेलच्या खोलीत मौल्यवान वस्तू कशा सांभाळायच्या

पहाटेचे चार वाजले होते. साडेसहाचं विमान, खाली टॅक्सी येऊन उभी, आणि खोलीतलं लॉकर उघडेना. आत चौघांचे पासपोर्ट. नंबर बरोबर टाकत होते, पण पडद्यावर आकडाच उमटत नव्हता; बॅटरी संपली होती. रिसेप्शनला फोन केला तेव्हा रात्रपाळीचा मुलगा कॅल्क्युलेटरएवढं एक यंत्र घेऊन वर आला. लॉकरवरची कंपनीच्या नावाची पट्टी बाजूला सरकवली, खालच्या भोकात वायर जोडली, दोन बटणं दाबली, आणि दार खट्‌कन उघडलं. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. माझा नंबर त्याने विचारलाही नाही.

विमान मिळालं, पण टॅक्सीत बसल्यापासून डोक्यात तेच. आठवडाभर मी ज्या पेटीच्या भरवशावर निर्धास्त फिरत होते, ती कोणालाही इतक्या सहज उघडत होती.

त्या मुलाचं काही चुकलं नव्हतं. पाहुणे नंबर विसरतात, आत वस्तू ठेवून निघून जातात, बॅटरी मरते. म्हणून प्रत्येक लॉकर बाहेरून उघडायची सोय हॉटेलला ठेवावीच लागते. कुठे मास्टर नंबर असतो, कुठे पट्टीमागे किल्लीचं भोक, कुठे असं यंत्र. साफसफाईच्या वेळी उघड्या दारातून शिरून हाताला लागेल ते उचलणाऱ्या भुरट्यापासून लॉकर नक्की वाचवतं. माहीतगार माणसापुढे, किंवा आतल्याच कोणाची नियत फिरली तर, त्याचा टिकाव लागत नाही. म्हणून लॉकर मी आजही वापरते, पण भरवसा ठेवते तो वाटणीवर. एक पिशवी, एक खिसा किंवा एक खोली साफ झाली तरी पासपोर्ट, पैसे आणि फोन ही तिन्ही एकदम जाता कामा नयेत. पुढची सगळी तयारी त्यासाठीच आहे.

निघण्याआधी, घरी

जी वस्तू गेली तर जीव हळहळेल ती नेऊच नका. आईची अंगठी, आजोबांचं घड्याळ यांची भरपाई कोणताही विमा देत नाही. बाकीच्या महागड्या वस्तूंचे फोटो काढा, बिलं शोधून ठेवा, कॅमेरा आणि लॅपटॉपचा सीरियल नंबर लिहून घ्या. फोनवर *#०६# दाबलं की आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक दिसतो, तोही टिपून ठेवा. चोरीची तक्रार नोंदवताना पोलीस हाच नंबर मागतात, आणि तोवर फोन तर गेलेला असतो.

प्रवास विम्याची पॉलिसी विकत घेतानाच वाचा. तीन जागी नजर टाकली तरी पुरे: रोख रकमेला किती मर्यादा आहे, एका वस्तूमागे जास्तीत जास्त किती मिळतात, आणि लक्ष न ठेवता सोडलेल्या वस्तूंबद्दल काय लिहिलं आहे. खोलीत टेबलावर ठेवलेला कॅमेरा आणि लॉकरमधला कॅमेरा यांत विमा कंपन्या अनेकदा फरक करतात.

पासपोर्ट, व्हिसा, पॉलिसी यांच्या झेरॉक्स काढाच, शिवाय स्कॅन करून ई-मेलवरही ठेवा. मग एक परीक्षा घ्या. आपला फोन हरवला आहे असं समजा आणि घरातल्या दुसऱ्या कोणाच्या फोनवरून स्वतःच्या ई-मेलमध्ये शिरून बघा. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं, कारण ओटीपी त्या हरवलेल्या फोनवरच जातो. ई-मेलच्या सेटिंगमध्ये ओटीपीऐवजी चालणारे बॅकअप कोड मिळतात. ते कागदावर उतरवून पासपोर्टच्या झेरॉक्सपासून वेगळे ठेवा. कार्ड बंद करण्यासाठीचे बँकेचे परदेशातून लागणारे नंबरही कागदावरच हवेत.

कार्डं दोन घ्या, शक्यतो दोन वेगवेगळ्या बँकांची. एकाच खात्याची दोन कार्डं असतील तर खातं गोठवल्यावर दोन्ही एकदम निकामी होतात.

बॅगेबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण इथे फसगत फार होते. चेनच्या बॅगेला कितीही दणकट कुलूप लावा, साध्या बॉलपेनचं टोक चेनच्या दातांमध्ये दाबलं की ती मधोमध फाकते. आतलं काढून घेतलं आणि कुलूप लावलेली पकड कडेकडेने पुन्हा फिरवली की चेन होती तशी जुळते. कुलूप जागच्या जागी, बॅग बंद, आणि वस्तू गायब. टीएसएची, म्हणजे अमेरिकेतल्या विमानतळ सुरक्षा यंत्रणेची, खूण असलेल्या कुलपांना तर विमानतळावरच्या तपासणीसाठी ठरावीक मास्टर किल्ल्या असतात, आणि त्यांचे थ्रीडी प्रिंटरवर छापता येणारे आराखडे २०१५ पासून इंटरनेटवर फिरत आहेत. खोलीत बॅगेचाच कपाटासारखा उपयोग करायचा असेल तर चेन नसलेली, कडक कवचाची, खिट्ट्यांनी बंद होणारी बॅग घ्या.

रिसेप्शनवर

माझ्या मते पूर्ण मुक्कामात सर्वांत धोक्याची जागा खोली नाही, लॉबी आहे. दमून आलेलो असतो, एका हातात पासपोर्ट, दुसऱ्यात पाकीट, आणि सामान पाठीमागे. कोणीतरी रस्ता विचारतं, मान वळते, तेवढ्यात छोटी बॅग गेलेली असते. फॉर्म भरताना हातातल्या बॅगेचा पट्टा पायात अडकवून उभे राहा. कुटुंब असेल तर एकाने फक्त सामानाकडे बघायचं; त्याने फोनसुद्धा काढायचा नाही.

रिसेप्शनवरच्या माणसाने खोलीचा नंबर मोठ्याने उच्चारला आणि आजूबाजूला लोक असतील तर खोली बदलून मागा. यात संकोच नको. चांगल्या हॉटेलात नंबर कागदावर लिहून पुढे करतात. कीकार्ड ज्या कागदी पाकिटात मिळतं त्यावर नंबर लिहिलेला असतो. ते पाकीट खोलीत ठेवा आणि फक्त कार्ड घेऊन बाहेर पडा. खोली शक्यतो तळमजल्यावरची नको, आणि शेजारच्या गच्चीवरून किंवा जिन्यावरून जिच्या बाल्कनीत उतरता येईल अशीही नको.

खोलीत शिरल्यावर पहिली दहा मिनिटं

सामान उघडण्याआधी दार तपासा. बाहेर या, दार अर्धवट उघडं धरा आणि सोडून द्या. ते आपोआप पूर्ण लागून कडी बसल्याचा आवाज आला पाहिजे. कार्पेटमुळे किंवा सैल पडलेल्या यंत्रामुळे बरीच दारं शेवटच्या बोटभर अंतरावर थांबतात, आणि आपण मात्र लिफ्टपर्यंत पोचलेलो असतो. असं दार असेल तर लगेच दुरुस्त करून घ्या, किंवा खोली बदला. शेजारच्या खोलीत उघडणारं आतलं दार असलं तर त्याची कडी लावून ओढून बघा. बाल्कनीचं सरकतं दार आणि बाथरूमची खिडकीही बघून घ्या.

दाराच्या इलेक्ट्रॉनिक कुलपावर फार विसंबू नका, याला कारण आहे. मार्च २०२४ मध्ये संशोधकांच्या एका गटाने सॅफ्लॉक नावाच्या हॉटेल-कुलपांमधला दोष जाहीर केला. हॉटेलातलं कुठलंही एक कीकार्ड, अगदी मुदत संपलेलंसुद्धा, हाती आलं की त्याच्या आधारे बनवलेल्या दोन कार्डांनी त्या हॉटेलातलं कुठलंही दार उघडता येत होतं. अशी कुलपं १३१ देशांत तीस लाखांहून अधिक दारांवर बसवलेली होती. कंपनीने दुरुस्ती सुरू केली होती, पण दोष जाहीर झाला तेव्हा निम्म्याहून अधिक कुलपं दुरुस्त व्हायची बाकी होती. त्याआधी २०१२ मध्ये आणखी एका प्रचलित कुलपाचं असंच झालं होतं. सॅफ्लॉकच्या बाबतीत आतून लावायची कडीही त्या कार्डाने मागे सरकत होती. म्हणून आत असताना कडीबरोबर साखळी किंवा लोखंडी अडसरही लावा. सोबत घेऊन जायचे छोटे प्रवासी अडसर मिळतात, पण ते तुम्ही आत असतानाच कामाचे. खोली रिकामी असताना काय करायचं, हा प्रश्न उरतोच.

लॉकर वापरायची रीत

आधी दोन्ही हातांनी धरून ओढून बघा. ते भिंतीला किंवा कपाटाच्या तळाला पक्कं बसवलेलं नसेल तर चोराला उघडायची गरजच नाही, तो अख्खं उचलून नेईल. असं सुटं लॉकर वापरू नका.

मग दार उघडं ठेवूनच स्वतःचा नंबर टाका, खिट्ट्या बाहेर येतात का बघा, पुन्हा टाकून आत जातात का बघा. हे दोनदा करा. त्यानंतर रिकामं लॉकर बंद करून एकदा उघडा. आकडे फिके दिसत असतील किंवा मोटर रेंगाळत असेल तर तिथल्या तिथे बॅटरी बदलून मागा. माझी ती पहाट याच एका गोष्टीने टळली असती.

नंबर खोलीचा नको, जन्मसालाचा नको, फोनचा किंवा कार्डाचा पिनही नको. लॉकर बंद केल्यावर तळहाताने सगळी बटणं एकदा पुसून काढा. मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून बघा, तेलकट बोटांचे ठसे कुठल्या चार बटणांवर आहेत ते लख्ख दिसतात.

रोख रक्कम सुट्टी ठेवू नका. मुरलेला चोर पूर्ण गड्डी उचलत नाही. चाळीसपैकी तीन नोटा काढतो आणि आपण स्वतःच्याच हिशेबावर शंका घेत बसतो. रक्कम मोजून जाड लिफाफ्यात घाला, तोंड चिकटवा, चिकटवलेल्या सांध्यावर सही करा, वर चिकटपट्टी मारा आणि फोटो काढा. लिफाफा फोडल्याशिवाय आता काही काढता येणार नाही. आणि फोडला तर परतल्याबरोबर कळेल, चार दिवसांनी दुसऱ्या शहरात गेल्यावर नाही.

निघताना लॉकरमध्ये काही विसरू नये म्हणून एक साधी युक्ती: सकाळी पायात घालायच्या बुटांपैकी एक बूट आदल्या रात्री लॉकरमध्ये ठेवा. एका बुटावर कोणी विमानतळावर जात नाही.

कुठे काय ठेवायचं

माझी वाटणी अशी असते. रोजच्या खर्चाचे पैसे आणि एक कार्ड अंगावर, पुढच्या खिशात. दुसरं कार्ड आणि निम्मी रोकड लॉकरमधल्या लिफाफ्यात. अडीअडचणीला पुरेल एवढी तिसरी छोटी रक्कम या दोन्हींपासून लांब, कपड्यांच्या शिवलेल्या चोरखिशात किंवा प्रसाधनाच्या पिशवीत. दोघं प्रवास करत असाल तर एकाचं दुसरं कार्ड दुसऱ्याकडे द्या.

पासपोर्टचं उत्तर देशागणिक बदलतं. जपानमध्ये सोळा किंवा त्याहून अधिक वयाच्या परदेशी पर्यटकाने पासपोर्ट सतत जवळ बाळगावा असा कायदा आहे. तिथे तो लॉकरमध्ये ठेवून फिरणं म्हणजे पोलिसांनी विचारल्यावर अडचणीत येणं. ज्या देशात अशी सक्ती नाही तिथे मी पासपोर्ट लॉकरमध्ये आणि झेरॉक्स जवळ ठेवते. जाण्याआधी त्या देशाचा नियम पाहून घ्या. रिसेप्शनवर नोंदीसाठी पासपोर्ट दिला असेल तर तो परत हातात येईपर्यंत तिथून हलू नका. ‘उद्या सकाळी घ्या’ हे मान्य करू नका.

लॅपटॉप लॉकरमध्ये बसत नसेल तर तो कडक बॅगेत कुलूपबंद करा, बॅग कपाटात ठेवा, आणि लॅपटॉप नुसता स्लीपवर न ठेवता पूर्ण बंद करा. डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता न येणारी, असेल तर यंत्र गेलं तरी आतलं काही चोराच्या हाती लागत नाही. फोटो रोज रात्री दुसरीकडे चढवा. यंत्राची भरपाई विमा देईल, फोटोंची देणार नाही.

आणि वस्तू लपवायच्या नादात चादरीत, उशीच्या अभ्र्यात, टॉवेलच्या घडीत किंवा कचऱ्याच्या डब्यात काही ठेवू नका. चोराच्या आधी तिथे हाऊसकीपिंगचा हात पोचतो, आणि हिऱ्याच्या कुड्या धुण्याबरोबर लॉन्ड्रीत जातात. खोलीतून ‘चोरीला गेलेल्या’ किती वस्तू खरं तर अशा धुण्यात गेलेल्या असतात! आपल्याच हलगर्जीपणापायी साफसफाई करणाऱ्या बाईवर आळ येतो, आणि तिची नोकरी पणाला लागते. मला हे चोरीइतकंच वाईट वाटतं.

खोलीबाहेर पडताना

टेबल मोकळं करा. चार्जर, औषधं, पुस्तक राहू दे. पण दागिन्यांची डबी, घड्याळ, सुटे डॉलर, कॅमेऱ्याचं रिकामं खोकंसुद्धा नजरेला पडू देऊ नका. निघण्याआधी दारातून खोलीचा एक फोटो काढायची सवय लावून घ्या. परत आल्यावर काय हललं आहे ते लगेच समजतं.

दारावर ‘खोली साफ करा’ ही पाटी लटकवली की आत कोणी नाही हे तुम्ही सगळ्या मजल्याला सांगता. त्यापेक्षा रिसेप्शनला फोन करून वेळ द्या आणि दारावर ‘व्यत्यय नको’ची पाटी ठेवा. टीव्ही हलक्या आवाजात सुरू ठेवला तरी भुरटा चोर दुसरं दार बघतो. शक्य असेल तर साफसफाई तुम्ही खोलीत असताना उरकून घ्या. कारण नेहमीची चोरी अशी होते: कर्मचारी बाथरूम घासत असते, दार ढकलगाडीने उघडं धरलेलं असतं, आणि एक माणूस चालत आत येतो, ‘फोन विसरलो’ म्हणतो, टेबलावरचं उचलतो, आभार मानून जातो. तिला तो पाहुणाच वाटतो. कधी तुम्ही असे आत गेलात आणि तिने कीकार्ड मागितलं तर चिडू नका. ती तुमचंच सामान राखते आहे.

रात्री खोलीतल्या फोनवर ‘रिसेप्शनवरून बोलतोय, तुमच्या कार्डात अडचण आहे, नंबर परत सांगा’ असा फोन आला तर काही न सांगता ठेवून द्या आणि खाली जाऊन विचारा. हा जुना आणि अजूनही चालणारा सापळा आहे. दाराखालून सरकवलेल्या जेवणाच्या पत्रकावरच्या नंबरला कार्डाचा तपशील देणं हाही त्यातलाच प्रकार.

न्याहारीला जाताना टेबल अडवायला खुर्चीवर पिशवी ठेवून ताट घ्यायला जाऊ नका. रुमाल ठेवा, पुस्तक ठेवा.

खूप मोलाचं काही असेल तर

खोलीतलं लॉकर आणि रिसेप्शनमागची हॉटेलची तिजोरी यांत बऱ्याच देशांचा कायदा मोठा फरक करतो, आणि हे फार थोड्या प्रवाशांना माहीत असतं. ब्रिटनमध्ये १९५६ च्या कायद्याप्रमाणे हॉटेलने नियमाप्रमाणे सूचना लावलेली असेल तर त्याची जबाबदारी एका वस्तूमागे ५० पौंड आणि एका पाहुण्यामागे १०० पौंडांवर थांबते. फ्रान्समध्ये साधारणपणे खोलीच्या एका दिवसाच्या भाड्याच्या शंभरपट ही मर्यादा आहे. जर्मनीतही शंभरपटच, पण किमान ६०० आणि कमाल ३,५०० युरो; रोख रक्कम आणि दागिन्यांसाठी कमाल फक्त ८०० युरो. मात्र वस्तू सांभाळण्यासाठी म्हणून हॉटेलच्या ताब्यात दिली असेल तर या तिन्ही देशांत ही मर्यादा उठते. हॉटेलची किंवा कर्मचाऱ्यांची चूक सिद्ध झाली तरीही तेच.

म्हणून लग्नसमारंभाला दागिने नेणं अटळच असेल तर ते रिसेप्शनवर जमा करा. देताना प्रत्येक नग लिहिलेली, तारखेची, सही-शिक्क्याची पावती घ्या. ‘एक पिशवी’ एवढंच लिहिलेली पावती घेऊ नका. पिशवीत काय होतं हे नंतर सिद्ध करता येत नाही. ती तिजोरी रात्री उघडते का हेही विचारून ठेवा, म्हणजे पहाटेच्या विमानाला पंचाईत होत नाही. पार्किंगमधल्या गाडीत काही ठेवू नका. ब्रिटन आणि जर्मनीत गाडीतल्या सामानाला हॉटेलवाल्यावरची ही जबाबदारी लागूच होत नाही.

खोली सोडल्यावर विमानाला वेळ असतो म्हणून सामान हॉटेलात ठेवून आपण फिरायला जातो. ते सामान कुठे ठेवतात ते डोळ्यांनी बघा. कुलूपबंद खोली आणि क्रमांकाची चिठ्ठी असेल तर ठीक. लॉबीच्या कोपऱ्यात जाळीखाली रचून ठेवत असतील तर कागदपत्रं, लॅपटॉप आणि औषधं बरोबर घ्या.

चोरी झालीच तर

आधी शांतपणे शोधा: गादी आणि भिंत यांच्यामधली फट, पलंगाखाली, कोटाच्या अस्तरात, जोडीदाराच्या बॅगेत. नाहीच सापडलं तर खोलीतलं काही हलवू नका, फोटो काढा, आणि ड्यूटी मॅनेजरला वर बोलवा. जर्मनीसारख्या देशात चोरी लक्षात आल्यावर विनाविलंब हॉटेलला कळवलं नाही तर भरपाईचा हक्कच जातो, म्हणून तोंडी सांगून थांबू नका, लगेच ई-मेलही करा.

त्या ई-मेलमध्ये दोन गोष्टी नाव घेऊन मागा. एक, दाराच्या कुलपाची नोंद, जिला हॉटेलवाले लॉक ऑडिट म्हणतात. कुठल्या कार्डाने किती वाजता दार उघडलं हे त्यात असतं, आणि पुष्कळ लॉकरमध्येही अशीच नोंद राहते. दोन, त्या मजल्याचं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवण्याची विनंती, कारण काही दिवसांनी जुन्यावर नवं चढतं. हॉटेल या गोष्टी तुमच्या हातात देईलच असं नाही, पण लेखी मागणी झाल्यावर त्या पुसल्या जाण्याची शक्यता कमी होते आणि पोलिसांना त्या मागता येतात.

त्यानंतर फोन गेला असेल तर सिम बंद, कार्डं बंद, आणि मग पोलीस ठाणं. हा क्रम पाळा. ठाण्यात दोन-तीन तास सहज जातात आणि तेवढ्यात खातं रिकामं होतं. तक्रारीची प्रत आणि तिचा क्रमांक घेतल्याशिवाय उठू नका. विमा कंपन्या बहुधा चोवीस तासांच्या आत केलेली पोलीस तक्रार मागतात, आणि हॉटेलचं पत्र त्याऐवजी चालत नाही.

पासपोर्ट गेला असेल तर ती तक्रार घेऊन आपल्या देशाच्या वकिलातीत जायचं, तिथे तातडीचं प्रवासपत्र किंवा नवा पासपोर्ट मिळतो. पण तक्रार करण्याआधी खरंच एकदा सगळ्या बॅगा पलंगावर रिकाम्या करून बघा. पासपोर्ट हरवल्याची नोंद झाली की तो रद्द होतो, आणि त्याची माहिती इंटरपोलच्या चोरीला गेलेल्या व हरवलेल्या प्रवासी कागदपत्रांच्या नोंदवहीत जाते. दुसऱ्या दिवशी तो कोटाच्या अस्तरात सापडला तरी त्यावर प्रवास करू नका, इमिग्रेशनच्या खिडकीवर अडवतील. सापडलेला पासपोर्ट वकिलातीत नेऊन द्या.